भरतानेही हिशोब दिला होता
(उमरोळी येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘आमच्या पश्चात या लेकराचे कोण?’ मतिमंद वा बहुविकलांग अपत्याच्या माता-पित्यांना हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. एकेकाळी एकत्र कुटुंब हेच त्याचे उत्तर होते. आज तारापूरच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेली कुटुंबे दोन खोल्यांत राहतात. काका-मामा दूर गावी असतात. मग लेकरू आणि त्याची मालमत्ता कुणातरी अन्य हाती सोपवावी लागते. तेथे केवळ सद्भाव पुरत नाही.

अपत्य १८ वर्षांचे झाले की जन्मदातेही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्थानिक समितीची योजना केली. तीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक विकलांग व्यक्ती असते. ही समिती पालक नेमते. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च सादर करायचा. हेळसांड वा अपहार झाल्यास माता-पिता, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तक्रार करू शकते. चौकशीअंती पालकाला दूर करता येते.

व्यवस्था चांगली आहे. परंतु माता-पिता गेले आणि नातेवाईकच पालक असला, तर तक्रार कोण करणार? ज्याच्यावर अन्याय होतो, त्याला तो अनेकदा सांगताही येत नाही. शिवाय हिशोब दाखल होणे वेगळे आणि तो कुणी वाचणे वेगळे.

अमेरिकेत हेच घडले. मोबदला घेऊन वृद्ध-अपंगांचा कारभार पाहणाऱ्यांचे गैरव्यवहार २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका दैनिकाने उघड केले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा व्यावसायिकांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. आपल्याकडे असा परवाना नाही. तो उद्या आला, तरी परवाना म्हणजे देखरेख नव्हे.

नंदिग्रामी राहून भरताने चौदा वर्षे रामाच्या पादुकांच्या नावे राज्य सांभाळले. राम परतताच त्याने राज्य परत केले आणि कोश, कोठारे व सैन्य तपासून घेण्याची विनंती केली. वाल्मीकी सांगतात, ते दसपट झाले होते. भरतावर अविश्वास कुणाचा होता? तरीही त्याने हिशोब दिला. कारण हिशोब हा विश्वस्ताचा अपमान नव्हे, तो त्याचा धर्म आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. आता जिल्हा कार्यालयासाठी ठाण्याला जावे लागत नाही. पालकांनो, आपण हयात असतानाच योग्य पालकाच्या नियुक्तीसाठी अर्ज करा. आणि कार्यकर्त्यांनो, वर्षातून एकदा तरी अशा घरी जा. लेकराला पोटभर जेवण मिळते ना, अंगावर धड कपडे आहेत ना, एवढे पाहा. शासनाला कागद दिसतो. माणूस शेजाऱ्याला दिसतो.