वीरधवल खाडे : वेगाची कारकीर्द

जलतरणपटू वीरधवल खाडे यांचा जन्म २९ ऑगस्ट १९९१ रोजी कोल्हापुरात झाला. पुढे बंगळुरूमध्ये प्रशिक्षक निहार अमीन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा खेळ घडला. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या अवघ्या १६ व्या वर्षी, ते ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल शर्यतींत उतरले.

२०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ मध्ये खजान सिंग यांनी रौप्यपदक पटकावल्यानंतर, तब्बल २४ वर्षांनी भारताला आशियाई स्पर्धेत जलतरणाचे पदक मिळाले. २०११ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. पुढे राज्य शासनाच्या सेवेत तहसीलदार म्हणून रुजू झाल्यावर त्यांच्या सरावात खंड पडला.

तरीही ते पुन्हा पाण्यात उतरले. ५० मीटरच्या शर्यतीत चूक सुधारायला वेळच नसतो. उडी, पाण्याखालची लाथ आणि भिंतीला होणारा स्पर्श, सगळे अचूक असावे लागते. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्यांनी २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत २२.४७ सेकंद लागले आणि कांस्यपदक एका शतांश सेकंदाने हुकले.

२०२३च्या गोवा राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकून त्यांनी स्पर्धात्मक जलतरणातून निवृत्ती घेतली. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या सर्वश्रेष्ठ जलतरणपटूंत त्यांची गणना होते.