गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं?

मंडळी, मानखुर्दला माझं गॅरेज आहे. टॅक्सीवाले इंजिन ऑइल वेळेवर बदलतात. गिअर ऑइल मात्र गिअर खरखरेपर्यंत कुणाला आठवत नाही. मग गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि दिवसाची कमाई बुडते ती वेगळीच.

हे तेल जळून संपत नाही. पातळी उतरली, तर गळती शोधा. पण धातूची बारीक भुकटी आणि उष्णता यांनी ते खराब होतं. ऑटोमॅटिक गाडीत तर याच तेलाच्या दाबावर गिअर बदलतात. वाशी पुलाकडच्या रांगेत ते अधिकच तापतं. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी जे कमी अंतर दिलेलं असतं, तेच आपण धरावं. तेल काळपट दिसलं, करपट वास आला, तर तेवढंही थांबू नये.

गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर किलोमीटर मोजूच नका. २६ जुलै २००५च्या पुरात मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. असं पाणी हवेच्या छिद्रातून गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि तेल दुधाळ होतं. अशी गाडी सुरू न करता ओढून आणा. नवं तेल मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचंच भरा.