परदेशी जाणाऱ्याची तयारी : शरणपूरचा धडा

(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयटीआय होऊन सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी काम करणारा एक मुलगा परवा माझ्याकडे आला. परदेशी नोकरीस जाण्याचे त्याच्या मनात आहे. त्याने विचारले, "काका, तयारी काय काय करू?" उत्तर देताना मला आपल्याच गावाचा एक विस्मृत इतिहास आठवला. तो आज आपल्यापुढे मांडतो.

शरणपूर रस्त्याने आपण रोज जातो-येतो. हे नाव एका वसाहतीचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने ती नाशिकच्या वेशीबाहेर वसविली. पूर्व आफ्रिकेतून गुलाम भरून नेणारी गलबते त्या काळी इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांतून सुटलेली काही मुले मुंबईस उतरत आणि १८६० नंतर त्यांतली बरीच शरणपूरला येत. येथे त्यांना लिहिणे-वाचणे व सुतारकाम, लोहारकाम शिकविले जाई. ख्रिस्ती नावे दिली जात. पुढे त्यांतील अनेकांना आफ्रिकेत पाठविण्यात आले. परदेशी धाडण्याच्या तयारीची ती एक शाळाच ठरली.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या अखेरच्या प्रवासासाठी येथून नऊ तरुण घेऊन गेला. १८७२ साली आणखी काही गेले. त्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ साली, आज झांबियात असलेल्या प्रदेशात लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला, तेव्हा झाडावर त्याचे नाव कोरणारा हाच वेनराइट. सोबत्यांनी तो देह कित्येक महिने पायी वाहून बागामोयोच्या किनाऱ्यावर आणला. १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण होता.

कौतुक झाले खरे. परंतु कौतुक वेगळे आणि हक्क वेगळा. मोंबासाजवळ १८७५ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने फ्रियरटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. ती उभारणारे रेव्हरंड प्राइस हे पूर्वी शरणपूरचेच चालक. येथून सुमारे दीडशे आफ्रिकी माणसे तिकडे गेली. त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. ही माणसे 'मायदेशी' परतली असे कागदोपत्री म्हटले गेले. पण लहानपणीच घरापासून तोडलेल्या मुलाची मायबोली कितीशी उरली असेल? स्थानिकांच्या लेखी ते परके होते, आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या लेखी दुय्यम. वेतन व दर्जा यांवरून तेथे पुढे वारंवार खटके उडाले.

मिशनने या मुलांना गुलामीतून वर काढले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. माझा आक्षेप निराळा आहे. त्यांच्या हातांना हुन्नर दिला, मुखाला इंग्रजी दिली. पण कोठे जायचे, किती मोबदल्यावर राबायचे, हे ठरविताना त्यांचा शब्द कोणी विचारात घेतला नाही. तयारी कामाची झाली, हक्काची राहून गेली.

ती उणीव त्यांच्यातल्याच काहींनी भरून काढली. शरणपूरला वाढलेला विल्यम जोन्स मोंबासाजवळच्या रबाई येथे मिशनचा प्रमुख झाला. मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना त्याने आसरा दिला. मालकांनी कलागत केली; अखेर १८८८ साली ब्रिटिश कंपनीस मोबदला देऊन हजाराहून अधिक माणसांची मुक्तता करावी लागली. स्वतः सुटलेल्याने दुसऱ्यास सोडविले, हा या कथेचा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग होय.

आता आजचे पाहू. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी 'कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा' करार केला. हे शब्द जरा ऐका. पाणी पुरवितात, धान्य पुरवितात; माणूस मात्र आपल्या अटींवर जातो. आखाती देशांत जाणाऱ्यांची स्थिती तर याहून कठीण. सौदी अरेबियात व संयुक्त अरब अमिरातीत कामगारांना संघटना बांधण्याची मुभाच नाही.

म्हणून त्या मुलाला मी सांगितले : भाषा शीक, पण आधी करारपत्र वाच आणि त्याची प्रत घरी ठेव. एजंटाची नोंदणी तपास. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने ती बंधनकारक केली आहे. जमीन गहाण टाकून कोणाला पैसे देऊ नकोस. पासपोर्ट मालकाच्या कपाटात जाऊ देऊ नकोस. जर्मनीस गेलास तर पहिल्याच महिन्यात तेथील कामगार संघटनेचा सभासद हो. तो तुझा हक्क आहे. आणि तुझ्यामागून येणाऱ्याचा हात धर.

यातील अर्धे काम मात्र एकट्या मुलाच्या आवाक्यातले नाही, ते आपले आहे. गावोगावच्या कार्यालयांत करारपत्रे वाचून देणारी दोन माणसे बसवावीत आणि कोण कोठे गेला याची नोंदवही ठेवावी. खर्च फारसा नाही. चिकाटी मात्र लागेल.

तो मुलगा रविवारी कागद घेऊन पुन्हा येणार आहे. वाचायला माझ्याबरोबर आणखी दोघे हवे आहेत. ज्यांना येता येईल त्यांनी आजच नाव द्यावे.