मॉरिशस देशाची ओळख



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले; तेव्हा हे विद्वत्तेचे भाषण नव्हे. पण जो देश घडविण्यात आपल्याही माणसांचा हात लागला, त्याची थोडी माहिती आपणांपुढे ठेवते.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेट. आकाराने मुंबईच्या तिप्पट, वस्ती सुमारे साडेबारा लाख. तेथे मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते. आधी डच आले, मग फ्रेंच आणि १८१० साली इंग्रज. १८३५ मध्ये गुलामगिरी उठली. उसाच्या मळ्यांना माणसे हवीत, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेऊ लागले. असे सुमारे साडेचार लाख लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यांत आपले कोकणातलेही होते. पगार महिना पाच रुपये. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचे पैसे कापीत. शेतांतले काळे दगड वेचून त्यांनी रचलेले ढीग आजही उभे आहेत.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा सारी भिस्त साखरेवर होती. १९७० नंतर कापडाचे कारखाने निघाले आणि हजारो बायका कमावू लागल्या. पुढे पर्यटन व बँका वाढल्या. १९७७ पासून माध्यमिक शिक्षणही मोफत झाले. तांदूळ-गहू मात्र आजही बाहेरून आणावा लागतो.

तेथे वर्तमानपत्रे बहुतेक फ्रेंच, कायदे इंग्रजीत आणि बोलणे क्रिओल. डाळ भरलेली पुरी सर्व धर्मांचे लोक आवडीने खातात. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते. कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने टिकली. भोजपुरी बायकांची लग्नातली गाणी, म्हणजे 'गीत-गवई', २०१६ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. ती बायकांनीच तोंडपाठ राखली होती.

भगिनींनो, एक गोष्ट मनाला लागते. तेथल्या बहुतेक मराठी घरांत आता क्रिओल बोलतात. मराठी मुलांना शाळेत शिकावी लागते. सण राहिले, गाणी राहिली, पण रोजची बोली चुलीपासून दूर गेली. त्या बिचाऱ्यांचा समुद्रापार नाइलाज होता. आपला कसला नाइलाज आहे? लेकराला जेवू घालताना, निजवताना आपण कोणत्या भाषेत बोलतो, याचा प्रत्येकीने घरी जाऊन विचार करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.