विद्यापीठाचें दुसरें द्वार
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं शिक्षणाविषयीं चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. ज्यांचीं मुलें-नातवंडें कॅलिफोर्नियांत वाढत आहेत, त्यांच्या मनांतील एका शल्यास मी हात घालणार आहें. मुलास शाळेंत बेताचे गुण मिळाले, नामांकित विद्यापीठानें त्यास घेतलें नाहीं व तो कम्युनिटी कॉलेजांत गेला, म्हणजे घरचीं माणसें चारचौघांत त्याचें नांव काढीनाशीं होतात. हा संकोच अनाठायीं तर आहेच, पण घातकहि आहे.

तें कॉलेज म्हणजे मागें पडलेल्यांचा पांजरपोळ नव्हे. १९६० सालीं कॅलिफोर्निया संस्थानानें उच्च शिक्षणाची योजना आंखली. तींत वरच्या अष्टमांश विद्यार्थ्यांसाठीं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या तृतीयांशांसाठीं स्टेट कॉलेजें, व सर्वांसाठीं दोन वर्षांचीं कॉलेजें अशी वांटणी झाली. परंतु खालच्या पायरीवरून वर चढण्याचा मार्गहि त्याच वेळीं राखून ठेविला. सारांश, हें द्वार कोणाच्या मेहेरबानीनें उघडलेलें नाहीं. तें इमारतीच्या मूळ नकाशांतच आहे. प्रख्यात नट टॉम हँक्स शाळेंत सामान्यच विद्यार्थी होता; तोहि दोन वर्षें अशाच कॉलेजांत शिकला व तेथून स्टेट युनिव्हर्सिटींत गेला.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियांत तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्यास साठ सेमिस्टर युनिटें पुरीं व्हावीं लागतात. तेथील रहिवाशाची कॉलेजांतील गुणांची सरासरी चारांपैकीं निदान २.४ असावी लागते. शाळेंतील जुने गुण या सरासरींत धरीत नाहींत, हें ध्यानांत घ्या. मात्र २.४ हा अर्ज करण्याचा परवाना आहे, प्रवेशाची हमी नव्हे. बर्कले व लॉस एंजेलिस येथें निवडले जाणारे याहून पुष्कळ वरचे असतात. तथापि डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा व सँटा क्रूझ या सहा ठिकाणीं, कांहीं अभ्यासक्रम वगळून, ठराविक विषय व ठराविक सरासरी पुरी करणाऱ्यास प्रवेशाची आगाऊ हमी मिळते. ती सहांपैकीं एकाच ठिकाणीं मागतां येते.

बंधुभगिनींनो, बेताच्या गुणांचा विद्यार्थी बहुधा गुणांनीं हरत नाहीं. तो विषयांच्या निवडींत हरतो. सरासरी वाढविण्यासाठीं तो सोपे विषय घेतो. ज्यास इंजिनिअर व्हावयाचें आहे, त्यानें गणित व पदार्थविज्ञान टाळून अन्यत्र पैकींच्या पैकीं गुण मिळविले, तरी त्यांचा काय उपयोग? म्हणून पहिल्याच सत्रांत कॉलेजच्या सल्लागारास भेटावें. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोठें चालतो, याचीं कोष्टकें ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर सर्वांस मोफत पाहतां येतात. तीं पुढें ठेवून दोन वर्षांचा आराखडा करावा. सी श्रेणीहून कमी मिळालेला विषय पुनः करतां येतो. एखादें सत्र आजारानें किंवा नोकरीच्या ओझ्यानें बिघडलें असेल, तर अर्जांत तें साध्या शब्दांत, रडगाणें न गातां सांगावें. त्यानंतरचीं सत्रें सुधारलेलीं असलीं, म्हणजे त्या शब्दांना वजन येतें.

आतां आईबापांस माझी विनंती. मुलगा लाजेनें खालीं मान घालूं लागला, कीं तो सल्लागाराकडे जात नाहीं, प्रश्न विचारीत नाहीं, मुदती चुकवितो. आणि मग जें द्वार उघडें होतें, तें त्याच्यापुरतें खरोखरीच बंद होतें. ही लाज पुष्कळदां त्याची स्वतःची नसते. ती आपण त्याच्या पदरीं घातलेली असते. तेव्हां तो कोठें शिकतो, असें कोणीं विचारिलें, तर त्याच्या कॉलेजचें नांव उघडपणें व अभिमानानें सांगा. गुण त्यानें मिळवावयाचे आहेत. धीर मात्र आपणच दिला पाहिजे.