बंद पडलेला संघ पुन्हा कसा जागा होतो

बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत, खडका धरण आटल्यामुळे, बंद ठेवावे लागले. असे केंद्र पुन्हा चालविणे म्हणजे दिवा लावणे नव्हे. पंप व पंखे फिरविण्यासच आधी बाहेरची वीज लागते; पुढे जनित्र फिरू लागले तरी त्याचा दाब, वारंवारता व कला जाळ्याशी जुळल्यावाचून ते जोडता येत नाही. उतावीळपणे जोडल्यास यंत्रच मोडावयाचे!

अनेक संगणकांत वाटून ठेवलेल्या डेटाबेसचेही असेच आहे. तो एखाद्या बँकेच्या खात्यांचा आहे, अशी श्रोत्यांनी कल्पना करावी. अपॅची इग्नाइट या प्रणालीत माहिती डिस्कवर जतन केली असता, पुन्हा सुरू झालेला संघ प्रथम निष्क्रिय राहतो. त्याच्यापाशी सभासद-संगणकांची यादी असते. तींतील शेवटचा हजर होताच संघ आपोआप कामास लागतो. एखादा कायमचा बिघडला, तर मात्र व्यवस्थापकास स्वतः आज्ञा द्यावी लागते, आणि ती जपून द्यावी. कारण गैरहजर संगणकावरील माहितीची दुसरी प्रत नसेल, तर तेवढी खाती हाती लागत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, संघाचे दोन तुकडे वेगवेगळे जागे केल्यास त्यांचे इतिहास फाटतात, आणि मग एका तुकड्यातील संगणकास दुसरा तुकडा आपल्यात घेतच नाही.