पोलिसांची नोटीस आली आणि त्याने फोन बंद केला

मी पुण्यात फौजदारी वकिली करते. कुठल्याही लग्नाला गेले की पंगतीत एक प्रश्न ठरलेला: "ताई, गुन्हेगारांना सोडवताना तुम्हाला काहीच वाटत नाही?" त्याचं उत्तर देते, पण आधी एक गोष्ट ऐका. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

रात्री साडेअकराला एका आईचा फोन आला. मुलगा वीस वर्षांचा, सेकंड इयरला. मित्र म्हणाला, "तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड दोन दिवस दे, पाच हजार देतो." याने दिलं. त्या खात्यात कुणाची तरी फसवून लुबाडलेली रक्कम आली आणि तासाभरात निघूनही गेली. पुढे पोलिसांची नोटीस आली. पोरगा इतका घाबरला की फोन बंद करून मामाच्या गावी जाऊन बसला. तीन आठवड्यांनी पोलीस तिथे पोचले. आई रडत एवढंच म्हणत होती, "मॅडम, त्याने चोरी नाही हो केली."

आता कायदा समजून घेऊ. जमिनीचा वाद, भाडेकराराचा वाद म्हणजे दिवाणी, दोन माणसांमधलं भांडण. गुन्हा मात्र समाजाविरुद्ध मानला जातो, म्हणून फौजदारी खटला सरकार चालवतं आणि फिर्यादीची बाजू सरकारी वकील मांडतात. आरोप सिद्ध करायची जबाबदारीही सरकारची, तीसुद्धा वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतकी पक्की. १८६०चा दंड संहितेचा कायदा जाऊन १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. 'चारसोबीस' हा शब्द आपल्या तोंडी राहीलच, पण फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे.

अटक, जामीन, तपास यांचे नियम नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. त्यातलं कलम ३५ प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही, तशी गरज का आहे ते पोलिसांना लिहून ठेवावं लागतं. गरज नसेल तर हजर राहायची नोटीस देतात. तुम्ही हजर राहिलात, सहकार्य केलंत, तर सहसा अटक होत नाही. गायब झालात, तर तेच अटकेचं कारण होतं. आमच्या पोराने नेमकं तेच केलं. नोटीस हातात पडली त्याच दिवशी कुणा वकिलाकडे गेला असता, तर कदाचित घरीच झोपला असता.

मग मी काय केलं? सिनेमातल्यासारखं टेबलावर हात आपटून भाषण नाही केलं. एफआयआर तीनदा वाचली. बँकेचं स्टेटमेंट काढलं, कॉलेजचं ओळखपत्र आणि हजेरी जोडली. रिमांडला उभी राहिले, एक दिवसाची पोलीस कोठडी झाली, मग न्यायालयीन कोठडी, मग जामीन अर्ज. शुक्रवारी जामीन मंजूर झाला. पण जामीनदार म्हणून आलेल्या मामांकडे सातबारा होता आणि ओळखीचा एक कागद नव्हता. आदेश हातात, पोरगा आत. सुटका झाली सोमवारी संध्याकाळी. त्या दिवशी सकाळी त्याचा पेपर होता. कोणते कागद लागतील ते मामांना आधीच नीट सांगायला हवं होतं, ती चूक माझी. तेव्हापासून जामीनदाराच्या कागदांची यादी मी पहिल्याच दिवशी घरच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते.

तो दोषी आहे का? ते मी नाही ठरवत, कोर्ट ठरवेल. खटला अजून चालू आहे.

आणि आता तो पंगतीतला प्रश्न. २६/११च्या खटल्यात कसाबलाही वकील दिला गेला, तेव्हा खूप लोक चिडले होते. पण त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते. २०१०मध्ये ज्या कोर्टाने कसाबला फाशी सुनावली, त्याच कोर्टाने या दोघांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं आणि २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. उलटतपासणी करायला, पुराव्यातली फट दाखवायला कुणी उभंच राहिलं नसतं, तर तिघांमधला फरक कळला कसा असता? माझं काम गुन्हा झाकायचं नाही. सरकारने आरोप केला, तर तो सिद्ध करून दाखवा, एवढं ठामपणे म्हणायचं, हे माझं काम.

जाता जाता चार गोष्टी. एक: अटक झाली तर कारण विचारा. ते सांगणं आणि तुमच्या घरी कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे. दोन: प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. तीन: स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही. त्यातून एखादी वस्तू सापडली, तर फक्त तेवढाच भाग चालतो. चार: वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १५१०० या नंबरवर विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळते. महिलांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि हो, व्हिडिओ कॉलवर खाकी घालून कुणी "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणाला, तर फोन ठेवा. असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० फिरवा.

आज एवढंच करा. ज्या मित्राला पाच हजारांची गरज आहे, त्याला हा एपिसोड पाठवा. खातं कुणाला देऊ नकोस म्हणावं. आणि दिलंच असशील, तर पळू नकोस.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!